गोळी चुकवली नाही, तरी विषाणू बदलला?

“मॅडम, एक दिवस गोळी चुकवलेली नाही. मग विषाणू बदललाच कसा?”

खुर्चीत टेकायच्या आधीच सुमननं विचारलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वय अडतीस, पेडण्याकडची, आंब्याच्या दिवसांत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी. नवरा-बायको दोघंही अकरा वर्षं एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर. तिचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) टीएनडी, म्हणजे चाचणीत एचआयव्ही सापडतच नाही. पण गर्भाशयमुखाच्या तपासणीत एचपीव्ही टाइप १६ पॉझिटिव्ह आला होता. एचपीव्ही हा वेगळाच विषाणू, त्याच्या काही टाइपमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. मग दोन रात्री मोबाइल. ‘एचआयव्हीग्रस्तांमधील एचपीव्हीचे जनुकीय व्हेरियंट’ एवढ्याच ओळीचा स्क्रीनशॉट तिनं माझ्यासमोर धरला.

मला जरा ओशाळल्यासारखंच झालं. “गोळी चुकली तर विषाणू रूप बदलतो” हे वाक्य तिला मीच शेकडा वेळा ऐकवलेलं. एचआयव्हीबाबत ते खरं आहे. तो स्वतःच्या नकला काढताना सतत चुका करतो. एचपीव्हीची गोष्ट वेगळी. तो डीएनएचा विषाणू, आपल्या पेशींचीच यंत्रणा वापरून नक्कल काढतो, आणि ती यंत्रणा चुका तपासते. म्हणून तो फार सावकाश बदलतो. टाइप १६ ची ए, बी, सी, डी अशी जी घराणी आहेत, ती हजारो वर्षं माणसांबरोबर फिरत आलेली. सुमनच्या अंगात काल-परवा तयार झालेली नव्हेत.

मी कागदावर डीएनएची वेटोळी काढू लागले. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. शेवटी कागद बाजूला सारला आणि आंब्यांचं विचारलं.

“मानकुराद नि मुसराद कोण एक म्हणेल?” ती म्हणाली. “पण मानकुरादसुद्धा सगळे एक नसतात. झाडागणिक चव बदलते.”

झालं! मानकुराद-मुसराद हा टाइपमधला फरक, दोन मानकुरादांतला फरक म्हणजे व्हेरियंट. काही व्हेरियंटमध्ये, विशेषतः डी घराण्यात, कर्करोगाचा धोका थोडा जास्त दिसतो हे खरं. पण आज उपचार त्यावर ठरत नाहीत. टाइप कुठला आणि पेशी कितपत बदलल्यात, यावर ठरतात. लसही टाइप पाहून असते, त्यामुळे सोळाची लस सोळाच्या सगळ्या घराण्यांवर चालते. तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला ती जरूर द्यावी. सुमनचा आत्ताचा संसर्ग मात्र लसीनं जाणार नाही.

मग एचआयव्ही असलेल्यांत इतके प्रकार का सापडतात? एरवी बहुतेकांचं शरीर एचपीव्ही वर्ष-दोन वर्षांत हुसकून लावतं. प्रतिकारशक्ती मार खाल्लेली असेल तर एकाच वेळी दोन-तीन टाइप मुक्काम ठोकतात, जुना दबलेलाही डोकं वर काढतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट आहे, तो यामुळे. जागतिक आरोग्य संघटना त्यांची तपासणी तिशीऐवजी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी करायला सांगते, तेही यामुळेच.

खरा प्रश्न दारात आला. तो नेहमी दारातच येतो, चपला पायात सरकवताना. “ह्यांनी बाहेरून आणलं का?”

मी तिला परत बसवलं. हा विषाणू शरीरसंबंध आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी गाठतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच चाचणी सांगत नाही. नवऱ्याला निर्दोष ठरवायला मी कोण? पण या कागदावर त्याच्याविरुद्ध पुरावा नाही, एवढं ठामपणे सांगू शकले.

पुढच्या आठवड्यात कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी झाली. डॉक्टरांनी पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावलं, तेव्हा वास ओळखून ती म्हणे, “हा तर शिरका!” एका जागी पांढरा डाग उठला. बायोप्सीत कर्करोग नव्हता, पण त्याच्या आधीचे बदल होते. तेवढा भाग काढून टाकला. बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

तिला दिलेली तारीख शुक्रवारची निघाली. तिनं ती माझ्याकडून सोमवारची करून घेतली. ऐन आंब्यात बाजार बुडवायचा नव्हता.