नाशिक रोडला उतरावंसं वाटलं नाही

"सगळं सोडून कुठेतरी निघून जावं, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे नव्याने सुरुवात करावी, असं सारखं वाटतं. माझ्या डोक्यात काही बिघडलंय का?"

हा प्रश्न माझ्यापर्यंत महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्यांत बारावीची मुलं असतात, पहिलं बाळंतपण झालेल्या मुली असतात, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले गृहस्थ असतात. आणि जवळपास प्रत्येक जण आवाज खाली आणून विचारतो, कारण ज्यांना सोडून जावंसं वाटतं त्यांच्यावर त्याचा जीवही असतो.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४४. घर पंचवटीत, नोकरी मुंबईत. सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडायची, रात्री त्याच गाडीने परत यायचं. अशी सोळा वर्षं. आपल्याकडे असे पासवाले पुष्कळ आहेत. एका गुरुवारी रात्री नाशिक रोड आलं, शेजारचे उठले, कुणीतरी "चला" म्हणालं, आणि हे बसून राहिले.

"झोप लागली नव्हती मॅडम. पाटी दिसत होती, रिक्षावाल्यांचा आवाज येत होता. उतरावंसंच वाटलं नाही."

गाडी मनमाडला संपली. तिथल्या बाकावर ते दोन तास बसले. वडापाव खाल्ला. घरून तीनदा फोन आला, तो वाजताना हातात धरून बघत राहिले. मग मिळेल त्या गाडीने उलटे आले आणि बायकोला सांगितलं, डोळा लागला.

माझ्याकडे ते आले ते या दोन तासांना घाबरून. त्या बाकावर त्यांना बऱ्याच महिन्यांनी शांत वाटलं होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

आधी त्यांच्या मूळ शंकेचं उत्तर दिलं. माणूस अचानक घर सोडून दूर जातो आणि आपण कोण, कुठले, हेच त्याला आठवत नाही, अशी एक मनोविकाराची अवस्था खरोखर असते. पण ती फार विरळा. यांना वडापावसोबतची मिरची तिखट होती हेसुद्धा आठवत होतं. ताण वाढला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. ही यंत्रणा आपल्या सगळ्यांत आहे आणि ती पायांना सांगते, निघा. समोर वाघ असेल तर तिचा उपयोग होतो. समोर मुलीची दहावी, वडिलांचं औषधपाणी आणि महिनाअखेर असेल तर पाय जायचे कुठे? मग ते मनातल्या मनात पळत राहतात. याला वेड म्हणत नाहीत.

दुसरा प्रश्न मी सरळच विचारला, "मरून जावं असं वाटतं का?" असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते भरतं, हा समज चुकीचा आहे. उलट विचारलं की माणसाचा श्वास मोकळा होतो. त्यांनी थोडा वेळ घेतला. "नाही. मरायचं नाहीये. दिसेनासं व्हायचंय." या दोन्हींत फरक आहे, पण ती रेघ बारीक असते. म्हणून १४४१६ हा टेलिमानसचा नंबर मी त्यांच्या फोनमध्ये तिथेच टाकायला लावला. २०२२ पासून सुरू असलेली ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना "निघून जाणं" म्हणताना मरण दिसत असेल, त्यांनी पुढचं वाचण्याआधी तो नंबर लावावा.

आणखी एक इथेच सांगते. घरात मारहाण होत असेल, जिवाची धास्ती असेल, तर निघावंसं वाटणं हा शहाणपणा आहे. तिथे मी कुणाला "थांबा, विचार करा" म्हणत नाही. कागदपत्रं, थोडे पैसे, विश्वासाचं एक घर, अशी तयारी करून निघायचं. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचाही हक्क दिला आहे, म्हणजे दर वेळी तिनेच बाहेर पडायला हवं असं नाही.

या गृहस्थांचं तसं काही नव्हतं. घर चांगलं होतं. तेच त्यांना जास्त टोचत होतं.

दुसऱ्या भेटीत त्यांनी समर्थांचं नाव काढलं. "सावधान" ऐकून रामदास बोहल्यावरून निघाले, पायी नाशिकला आले, टाकळीला बारा वर्षं राहिले. "पळालेच ना तेही? आणि आपण टाकळीला जाऊन हात जोडतो." प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून मीही मनापासून उत्तर दिलं. ते अक्षता पडायच्या आधी निघाले. आणि टाकळीला आले ते काय करायचं ते ठरवून, पहाटे नदीत उभं राहून जप करायला. "तुम्ही तिथे जाऊन काय करणार? सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंतचा एक साधा मंगळवार सांगा."

त्यांनी सांगितलं, आणि इतकं बारीक सांगितलं की ही जागा त्यांनी मनात किती वेळा झाडून-पुसून ठेवली असेल ते कळलं. गुहागरच्या बाजूला एक खानावळ. वर भाड्याची खोली, तिला एक खिडकी. चहाला एकच कप. खानावळीच्या मालकाला हिशेब जमत नाही, म्हणून वही हे लिहितात. बाजार किती आला, गॅस कितीचा, उधारी कुणाची. रात्री बेरीज जुळली की झोप.

"तिथे तुम्हाला काय म्हणतात?"

"नावाने हाक मारतात." आणि मग एकदम भरून आलं त्यांना. "इथे मला नावच नाही. भाऊ दादा म्हणतो, वहिनी दादा म्हणते, चुलते, आतेभाऊ सगळे दादा. दादा म्हटलं की पुढे काहीतरी मागणी आलीच."

माझ्या कानात मात्र ती वही अडकली होती. हा माणूस घर सोडून चारशे किलोमीटर लांब जाऊन दुसऱ्याचा हिशेब लिहिणार होता. मी विचारलं, "आणि तुमच्या स्वतःच्या हिशेबाची वही कुठे आहे?"

बराच वेळ ते गप्प होते. मग पायाशी ठेवलेली डब्याची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली, बाहेरच्या कप्प्याची चेन उघडली आणि तीन पाकिटं काढली. एक फोडलेलं, दोन बंद. कडेला लोणच्याच्या तेलाचा पिवळट डाग पसरला होता. निफाड तालुक्यात धाकट्या भावाची द्राक्षबाग, सलग दोन हंगाम अवकाळीत गेलेले, पतसंस्थेचं कर्ज थकलेलं, आणि जामीनदार म्हणून सही यांची. सात महिने ही पाकिटं रोज नाशिक ते मुंबई आणि परत असा प्रवास करत होती. बायकोला कर्जाचाच पत्ता नव्हता.

ती आम्ही तिथेच फोडली. माझ्या टेबलावर कात्री नव्हती, त्यांनी किल्लीने फोडली. त्यांच्या मनात नऊ-दहा लाखांचा आकडा बसला होता. कागदावर ६ लाख ४० हजार होते. ही रक्कम लहान नाही. पण मनातल्या आकड्याला तारीख नसते, हप्ता नसतो, तो नुसता वाढत जातो. कागदावरच्या आकड्याशी निदान बोलता येतं.

मी वकील नाही, त्यामुळे कायद्यासाठी त्यांना वकिलाकडे पाठवलं. पण जे कळलं ते इथे सांगते, कारण पळून जायचा विचार करणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात असं पाकीट असतं. १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला की गोष्ट जप्तीपर्यंत जाऊ शकते, आणि माणूस बेपत्ता आहे म्हणून ती थांबत नाही. मागे जे राहतात त्यांच्या दारात येते.

मागे राहणाऱ्यांबद्दल मी त्यांच्याशी हातचं न राखता बोलले. कधीकाळी सिडकोतल्या एका बाई माझ्याकडे यायच्या. नवरा कामावर म्हणून गेला तो आलाच नाही. बेपत्ता माणसाला कायदा सात वर्षं काही कळलं नाही तर मृत धरतो. त्या सात वर्षांत बँकेतलं खातं अडकलेलं, घराचे कागद अडकलेले. त्या म्हणायच्या, "हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की जायचं की नाही, तेच कळत नाही ताई." नवरा गेलेल्या बाईला रडता येतं. यांना तेही करता येईना. हे ऐकून गृहस्थ खाली बघत राहिले. त्यांना अपराधी वाटावं म्हणून मी हे सांगितलं नव्हतं. आपण नसलो की घरच्यांचं ओझं कमी होईल, असं ते खरंच धरून चालले होते. ते मोडायला हवं होतं.

बायकोला सांगायचं कसं, याला दोन भेटी गेल्या. पहिलं वाक्य आम्ही पाच-सहा वेळा बदललं. शेवटी राहिलं ते असं: "मी सात महिने एक गोष्ट लपवली आहे, आणि मला ती आज पूर्ण सांगायची आहे." रविवारी, मुलगी क्लासला गेल्यावर, पाकिटं समोर ठेवून.

त्या चिडल्या. अकरा दिवस मुलीच्या खोलीत झोपल्या. गंमत म्हणजे, कर्जाचं त्यांनी दोन दिवसांत स्वीकारलं, हप्त्यांची जुळवाजुळवही त्याच करायला बसल्या. सल होता तो मनमाडचा. पुढच्या भेटीला दोघं आले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाल्या, "मी गॅसजवळ उभी राहून फोन लावत होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मला वाटलं, गाडीखाली गेलात." यावर त्यांच्याजवळ उत्तर नव्हतं, आणि मी मध्ये पडले नाही. काही गोष्टी नुसत्या ऐकून घ्यायच्या असतात.

भावाशी बोलणं खरड छाटणीच्या दिवसांत, बागेतच झालं. ते गोड झालं नाही. "दादा, तू असं म्हणशील वाटलं नव्हतं," असं ऐकून घ्यावं लागलं. पण एकरकमी परतफेडीचा अर्ज दोघांच्या सह्यांनी गेला आणि यापुढे कुठेही जामीन राहणार नाही हे त्यांनी तोंडावर सांगितलं. कर्ज अजून फिटलेलं नाही.

गुहागरची खोली मी त्यांना मोडू दिली नाही. त्यातलं जे खरं होतं ते ठेवायचं ठरलं. महिन्यातला एक शनिवार ते सकाळीच घराबाहेर पडतात. गंगापूर धरणाकडे जातात, कधी टाकळीला. फोन बंद. दुपारी चारला परत येणार हे सांगून जातात. बायकोने त्याला नाव दिलंय, सांगून पळणं. आणि घरातली वही आता ते स्वतः लिहितात, रोज रात्री, जेवणाआधी.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, अजून वाटतं का निघून जावंसं?

"वाटतं की. परत येताना इगतपुरी गेली की एकदा तरी वाटून जातं."

"मग काय करता?"

"घरी फोन करतो. म्हणतो, कुकर लाव."