अरबीत एकाच धातूतून दोरी, बुद्धी आणि तुरुंग असे एकमेकांशी संबंध नसलेले अर्थ कसे निघतात? ते पाठ कसे करायचे?

‘संबंध नसलेले’ हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितोय. संबंध आहे. मला तो दाढदुखीने शिकवला.

2011 साली मी सौदीत दम्मामला एका एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळत होतो. अरबी कामापुरती यायची: हे दे, उद्या ये, पैसे कधी. खालची उजवीकडची शेवटची दाढ सुजली. दोन दिवस लवंग धरून काढले, तिसऱ्या दिवशी तोंडच उघडेना, तेव्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टर सुदानी. तोंडात आरसा घालून बघितलं आणि म्हणाला, “दिर्स अल-अगल.” दिर्स म्हणजे दाढ, एवढं कळलं. पण अगल? तिथले लोक डोक्यावरच्या रुमालावर जी काळी दुहेरी दोरी बसवतात तिला अगाल म्हणतात, ती मी रोज बघत होतो. मला वाटलं दाढेभोवती कसलं तरी वेटोळं झालंय. मी कपाळाभोवती बोट फिरवून विचारलं, “हे?” तो एवढा हसला की बाहेरची नर्स आत डोकावून गेली.

मग त्याने चिठ्ठी उलटी केली आणि मागे तीन अक्षरं सुटी सुटी लिहिली: ऐन, काफ, लाम. खाली एक उंट काढला. चित्र भिकार होतं, उंट कमी नि शेळी जास्त. पण पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून दोरीने बांधलेला नीट दिसत होता. असं बांधणं म्हणजे ‘अक्ल’, आणि ती दोरी म्हणजे ‘इकाल’. आखातात नि सुदानात बोलताना काफचा ग होतो, म्हणून अगल आणि अगाल. पाय बांधलेला उंट चार पावलं लंगडतो, पण रात्रीत वाळवंटात पसार होत नाही. एवढं समजावून डॉक्टरने पेन चित्रातून उचललं आणि स्वतःच्या कपाळाला टेकवलं. म्हणाला, माणसाची दोरी इथे असते.

“अक्कल! अक्कलदाढ!” मी सुजलेल्या तोंडाने ओरडलो. लवंग धरून बसलो होतो ती हीच, आणि तिचं नाव अरबीत नि मराठीत तेच!

पुढे ही तीन अक्षरं माझ्या मानगुटीवरच बसली. ‘मुअतकल’ म्हणजे अटकेतला माणूस आणि अटकेतल्यांची छावणीसुद्धा. ‘माकिल’ म्हणजे आसऱ्याचा किल्ला. औषधाने पोट ‘अक्ल’ केलं म्हणजे जुलाब थांबले. खुनाच्या भरपाईलाही जुन्या अरबीत अक्लच म्हणतात, कारण भरपाईचे उंट मेलेल्याच्या नातलगांच्या अंगणात आणून बांधायचे. आणि ती भरपाई मिळून भरणारे भाऊबंद म्हणजे ‘आकिला’. इब्न फारिस नावाचा कोशकार, 1004 साली वारला, तो प्रत्येक धातूचं मूळ शोधायच्या मागे असायचा. या धातूखाली त्याने लिहून ठेवलंय की मूळ एकच, अडवून धरणं. आणि अक्कल म्हणजे वाईट बोलण्यापासून नि वाईट करण्यापासून अडवणारी. मला तर हे बेहद्द पटतं. कुराणात ‘अक्ल’ हे नाम येतच नाही, सगळीकडे क्रियापदच. म्हणजे अक्कल ही असायची वस्तू नाही, वापरायची गोष्ट. (हा अर्थ माझा, कुठल्या मौलवीचा नाही.)

तुमच्या ‘कसे निघतात’चं उत्तर एवढंच. तीन व्यंजनं खिळ्यासारखी जागच्या जागी, स्वर आणि मागेपुढे जोडलेली अक्षरं बदलत जातात, आणि प्रत्येक साच्याचं काम ठरलेलं. अकल म्हणजे बांधलं, आकिल म्हणजे शहाणा, माकूल म्हणजे अकलेत बसणारं. यात चक्कर येण्यासारखं काय आहे? आपण आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार एका ‘हृ’तून शाळेत पाठ केलेत. तेव्हा कुणी विचारलं नाही की जेवणाचा नि कत्तलीचा संबंध काय.

आता दाजी. त्याच वर्षी सुट्टीवर आलो, भाच्याच्या बारशाला ही उंटाची गोष्ट सांगितली. दाजी म्हणाले, “अक्कल आपल्या आकलनावरून आलाय. तुला शेखांनी गुंडाळलं.” सगळे हसले, आमची ताईसुद्धा. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय. आकलन संस्कृतच आहे, त्याला कोण नाही म्हणतंय? पण मग तुर्कीत ‘अकल’, स्वाहिलीत ‘अकिली’, मलायमध्ये ‘आकाल’, हे सगळे काय साताऱ्याला येऊन आकलन घेऊन गेले? मोल्सवर्थच्या मराठी कोशात अक्कलसमोर अरबीची खूण आहे, 1857 सालच्या आवृत्तीत. शब्द फारसीच्या वाटेने दख्खनेत आला, आपण त्यातला ऐन टाकला, क दुहेरी केला, दाढेला लावला, गहाण ठेवला, आता तो आपलाच. पण नाव बदलून दत्तक घेतलं म्हणून जन्मगाव बदलत नाही, दाजी.

एक सांगायचं राहिलं. सगळेच धातू इतके सरळ नसतात. जीम, मीम, लाम बघा: जमल म्हणजे उंट, जमाल म्हणजे सौंदर्य, जुमला म्हणजे एकूण बेरीज (जुन्या हिशेबांतला, निवडणुकीतला नव्हे). इथे इब्न फारिसलाही दोन मुळं धरावी लागली, एक गोळा होण्याचं नि थोराडपणाचं, एक देखणेपणाचं. तेव्हा उंट देखणा म्हणून जमल, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. आणि अक्कलच्या बाबतीतही आधी दोरी की आधी बुद्धी, हे बघायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं. दोरी आधी, हे मला आवडतं म्हणून मी धरून चाललोय.

पाठ करू नका. हान्स वेर यांचा अरबी-इंग्रजी कोश धातूंच्या क्रमाने लावलेला आहे. एक शब्द शोधायला गेलात की त्या धातूखालचं सगळं वाचून काढा आणि बाजूला एक चित्र काढा, कितीही भिकार आलं तरी. माझी ती चिठ्ठी अजून पाकिटात आहे. दाढ मात्र सूज उतरल्यावर तिथेच काढून टाकली. दाजींना तेवढाच भाग लक्षात राहिलाय आणि दर दिवाळीला ते तो सगळ्यांना सांगतात.