संपावर आहे, मग बेरोजगार भत्ता मिळेल का मॅडम?

चाकण, भोसरी, रांजणगाव साइडच्या घरांमधून हा प्रश्न माझ्याकडे कितीतरी वेळा आलाय. कंपनीत संप चालू आहे, पगार बंद आहे, मग सरकारकडून काही भत्ता मिळतो का? उत्तर आधीच सांगून टाकते, कारण ज्याच्या घरात किराणा संपत आलाय त्याला ताटकळत ठेवणं मला पटत नाही. नाही मिळत. संपाच्या काळासाठी असा भत्ता आपल्याकडे नाही. पण हे 'नाही' वेळेवर कुणी सांगितलं नाही की माणूस काय करून बसतो ते मी एका घरात अगदी जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय. त्या दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

मोशीत भाड्याने राहणारं जोडपं, गाव मराठवाड्यात. आपण त्यांना दादा आणि वहिनी म्हणू. दादा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ८ वर्षं पर्मनंट, सगळं कटून हातात १७ हजार. वहिनी घरी ब्लाऊज शिवतात, पोरगी चौथीत. २०२६ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि फेब्रुवारीत वहिनी एकट्याच माझ्याकडे आल्या, तेव्हा २३वा दिवस होता. म्हणाल्या, हे झोपतच नाहीत, पहाटे सव्वापाचला उठून दाढीबिढी करून कंपनीच्या बसच्या टायमाला जिन्यात जाऊन बसतात, विचारलं तर काही नाही म्हणतात. मग पर्समधून एक कागद काढला. रेशन कार्ड शोधताना प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडला होता. राजीनामा. सही केलेली, तारखेची जागा कोरी.

मी एवढंच म्हटलं, हा कागद आहे तिथे परत ठेवा आणि त्यांना घेऊन या, भांडू नका.

दोन दिवसांनी दोघं आले. दादा पहिली वीस मिनिटं पंख्याकडे बघत बसले होते. मग स्वतःच मोबाईल काढून एक व्हिडिओ दाखवला, अमेरिकेत संपावर गेलेल्यांना सरकार पैसे देतं असा. गेटवर बसलेल्या कुणीतरी त्याला जोड दिली होती की अरे आपल्याकडे पण ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, स्कीम आहे, तीन महिने अर्धा पगार, फक्त राजीनामा टाकायचा, आणि पीएफ पण सुटतो. दादांचा हिशोब असा होता की गुपचूप राजीनामा द्यायचा, पैसे आले की घरी सांगायचं.

यात अवघड हे होतं की व्हिडिओ खोटा नव्हता. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांत संपाचे १४ दिवस झाले की बेरोजगार भत्ता मिळू शकतो. वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांचे तसे कायदे १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले, म्हणून तर तो व्हिडिओ त्याच दिवसांत फिरत होता. पण तिकडेही हे सगळीकडे नाही, कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये विधिमंडळाने पास केलेलं असंच बिल गव्हर्नरने अडवलं, भत्त्याचा फंड आधीच कर्जात आहे म्हणून. जर्मनीत संपकऱ्याला आधार युनियनच्या फंडातून मिळतो, सरकारकडून नाही. आणि यातलं काहीही चाकणच्या गेटवर लागू होत नाही.

आता आपली स्कीम. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ पासूनची. ईएसआयमध्ये असलेल्याची नोकरी गेली तर सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. म्हणजे गेटवरच्या माणसाने आकडा बरोबर सांगितला होता, अट सांगितली नव्हती. टाळेबंदीच्या काळात, म्हणजे मालकानेच कंपनीला टाळं लावलं तर, हे पैसे मिळत नाहीत, बेकायदा ठरलेल्या संपात मिळत नाहीत, आणि ज्याने स्वतःहून नोकरी सोडली त्याला तर नाहीच नाही. कायदेशीर संपात सुद्धा नोकरी चालूच असते, मग बेरोजगार म्हणून अर्ज कसा करणार? म्हणजे दादांनी त्या कागदावर तारीख टाकून तो ऑफिसात दिला असता तर नोकरी पण गेली असती आणि भत्ता पण नाही. हे मी सांगत होते तेव्हा वहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

दादा म्हणाले, दर महिन्याला पाऊण टक्का माझ्याच पगारातून कापतात ना ईएसआयला? राग बरोबरच होता त्यांचा. मी त्यावर काही समजूत घातली नाही. मला स्वतःला वाटतं की संपाच्या काळात घर चालण्यापुरती काहीतरी सोय असायला हवी, उपाशी पोराकडे बघून माणूस जी सही करतो ती त्याच्या मर्जीची नसते. पण मला काय वाटतं त्याने त्यांचं दूध येणार नव्हतं.

मग ते जे बोलले त्यासाठी खरं तर ते आले होते. "मॅडम मग मी आहे काय नक्की? कामावर पण नाही, बेरोजगार पण नाही." घरभाडं मागायला मालक आला की ते बाथरूममध्ये जायचे. सासऱ्यांचा फोन आला की कंपनीत आहे म्हणायचे. झोप जात होती ती यात. मी म्हटलं, तुम्ही नोकरीवर आहात आणि संपावर आहात, हे वाक्य असंच्या असं मालकाला सांगायचं. त्यांना ते चार वेळा मोठ्याने म्हणायला लावलं, चौथ्यांदा आवाज फुटला.

माझे मामा १९८२ च्या गिरणी संपात होते, परळला राहायचे. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि गावाहून येणाऱ्या तांदळावर घर चाललं, शेवटी मामी पोरांना घेऊन गावीच गेल्या. मामी म्हणायच्या, उपाशी राहिलो त्याचं एवढं नाही, पण कुणी धड सांगत नव्हतं काय मिळेल आणि काय नाही. म्हणून मी असल्या केसमध्ये 'बघू, होईल काहीतरी' असं म्हणत नाही.

त्या दिवशी त्याच राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही तिघांनी हिशोब मांडला. भाडं, गॅस, गाडीचा हप्ता, बचत गटाचा हप्ता. फायनान्सवाल्याला हप्ता बाऊन्स व्हायच्या आधी फोन करायचा, नंतर नाही. पीएफचं म्हणाल तर पगार थकला तर अ‍ॅडव्हान्स काढायचा जो जुना नियम होता त्यातही 'संप सोडून इतर कारणाने' असं स्पष्ट होतं, तेव्हा त्या भरवशावर राहायचं नाही असं ठरलं. संपाच्या दिवसांचा पगार पण धरायचा नाही, सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये सांगितलंय की संप कायदेशीर आणि न्याय्य दोन्ही असेल तरच तो मागता येतो. कायदेशीर की नाही हे बघायला सुरुवात नोटिशीपासून होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यात (औद्योगिक संबंध संहितेत) कुठल्याही कारखान्यात संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकदम कॅज्युअल रजा टाकली तरी तो संपच. यांच्या युनियनने नोटीस दिलेली होती, दादांनी त्याची कॉपी आणून घरी ठेवली.

एक गोष्ट मात्र हातात होती आणि कुणाच्या लक्षातच नव्हती. पोरीला दम्याचा त्रास, पंप संपत आलेला, आणि हे धरून बसलेले की संपात ईएसआय कार्ड बंद. तसं नसतं. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये भरलेल्या पैशांवर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार चालू राहतात. संपाच्या दिवसांत आजारपणाची रोख रक्कम सहसा मिळत नाही, पण डॉक्टर आणि औषध मिळतं. दुसऱ्याच दिवशी वहिनी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

पोरीला काही सांगायचं नाही असं दोघांचं ठरलेलं होतं. मी म्हटलं सांगा, तिला कळलेलं असणार. घरी जाऊन सांगितलं तर तिने दप्तरातून शाळेच्या सहलीचा कागद काढला, पंधरा दिवस झाले तिने तो दाखवलाच नव्हता. वहिनी फोनवर हे सांगताना रडत होत्या, आणि त्या रात्री दादा सात तास झोपले हेही त्याच फोनवर सांगितलं.

४४व्या दिवशी संप मिटला. थोडी पगारवाढ झाली, संपाच्या दिवसांचा पगार नाही, त्याऐवजी अ‍ॅडव्हान्स दिला जो दर महिन्याला कापतात. बचत गटाचे दोन हप्ते अजून राहिलेत. सहलीचे पैसे मात्र शेवटच्या तारखेच्या आधी भरले गेले, वहिनींच्या शिलाईतून.