व्हायरस ‘आला’ की ‘लागला’?

वेंगुर्ल्याच्या एक बाई विचारतात: “व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका उघडली आणि फोनमध्ये व्हायरस आला. ‘आला’ म्हणायचं की ‘लागला’? आणि व्हायरसला मराठीत काय म्हणतात?”

लागला. कीड लागते, वाळवी लागते. येतो तो पाहुणा.

पण बाई, तुमचा तो व्हायरसच नव्हे! पत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे ॲप बसवणारी फाइल) तुम्ही आपल्या हाताने फोनवर बसवलीत, आता ती ओटीपी वाचत बसलीय. हा ट्रोजन, म्हणजे सोंग घेऊन शिरणारा. (नावही उफराटं: पोटात सैनिक लपवून ट्रॉय शहरात शिरलेला लाकडी घोडा ग्रीकांचा, बट्टा ट्रॉयला.) आपल्याकडे बांगड्याला पेडवा म्हटलं तर कोळीण टोपली उचलून चालू लागेल, इथे मात्र सरसकट ‘व्हायरस’. जून २०१७मध्ये न्हावाशेव्याचं एक टर्मिनल ठप्प झालं तेव्हाही तेच. तो नॉटपेट्या, म्हणजे वर्म. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला आणि पुढे कुणी काही न उघडता नेटवर्कवरून यंत्रामागून यंत्र गिळत गेला. खंडणी मागत होता, पण फाइली परत देण्याची सोयच त्यात नव्हती.

खरा व्हायरस दुसऱ्या प्रोग्रामला चिकटतो. तो प्रोग्राम चालवला की हा पसरतो. फ्रेड कोहेन यांनी १९८३मध्ये असा प्रोग्राम करून दाखवला, नाव सुचवलं त्यांचे गुरू एडलमन यांनी. लॅटिन ‘वीरुस’ म्हणजे विष. आपलं ‘विष’ आणि ते ‘वीरुस’ एकाच धातूची लेकरं! तेव्हा ‘विषाणू’ला ओढूनताणून केलेलं भाषांतर म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

तरी मला विचाराल तर संगणकातल्या व्हायरसला शब्द हवा ‘बांडगूळ’. हापूसच्या फांदीवर बसतं, रस झाडाचा पितं. पाखरू फळ खातं, चिकट बी दुसऱ्या फांदीला पुसतं, झालं काम. पेनड्राइव्ह घेऊन हिंडणारे आपण ती पाखरं. शब्दही जुना असावा: संस्कृत ‘वंदाक’, हिंदी ‘बांदा’, आपलं ‘बांड’, असा माझा तर्क. ‘बांड म्हणजे उनाड, त्यावरून’ अशी व्युत्पत्ती एका पंडितांनी मला ऐकवली. उनाड? जन्मभर एका फांदीला चिकटलेलं ते उनाड कसं, हे त्यांनी एकदा बागेत येऊन दाखवावं.

हो, बाईंचा फोन राहिलाच. आधी नेट बंद करा, बँकेला कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. दुसऱ्या फोनवरून.