वाचक विचारतात : बसची मार्गिका रिकामी का?

प्रश्न : शहरी द्रुतगती मार्गावर बससाठी राखलेली मार्गिका गर्दीच्या वेळीही ओस दिसते. जागा वाया जात नाही का?

उत्तर : गाड्या नव्हे, माणसे मोजा. एका मार्गिकेतून तासाला जास्तीत जास्त सुमारे २,००० मोटारी जातात. मोटारीमागे सव्वा माणूस धरला तर २,५०० प्रवासी. मिनिटाला एक, अशा ४५ आसनी भरलेल्या ६० बस २,७०० जणांना नेतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने त्या एकमेकींपासून किलोमीटरभर अंतरावर असतात, म्हणून रस्ता मोकळा भासतो. अर्थात तासाला दहाच बस सोडायच्या असतील, तर तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : समोरच्या दिशेची मार्गिका बसला देता येते का?

उत्तर : येते, पण उलट दिशेला वाहतूक खरोखर विरळ असेल तरच. अमेरिकेत न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला नेणाऱ्या लिंकन बोगद्याकडे जाणारी अशी मार्गिका १९७० पासून फक्त सकाळी चालते. रोज खुंट रोवून ती आखावी लागते. एक बस बंद पडली की मागच्यांना बाजूने निघता येत नाही, त्यामुळे ओढगाडी जवळच हवी.

प्रश्न : कडेची मार्गिका का देत नाहीत?

उत्तर : द्रुतगती मार्गावर येण्याच्या वा बाहेर पडण्याच्या प्रत्येक जोडरस्त्यापाशी मोटारी ती छेदतात. दुभाजकालगतची बरी, मात्र बाहेर पडताना बसला सगळ्या मार्गिका ओलांडाव्या लागतात. थांबे कमी ठेवतात ते म्हणूनच.