बाबांची एमएम 540: एफडीला हात लावायच्या आधी चासीवर हातोडी मारून बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय 39, हिंजवडीत नोकरी, धायरीच्या फ्लॅटचा हप्ता 42 हजार, घरखर्च 35 च्या आसपास, महिन्याला दहाएक हजार उरतात, एफडी 6 लाखांची. बाबांची 1993 ची महिंद्रा एमएम 540 जीप कर्वेनगरच्या जुन्या घराच्या अंगणात 2018 पासून उभी, बाबा 2019 ला गेले, गाडी अजून त्यांच्याच नावावर. गॅरेजवाल्याने साडेचार लाख सांगितले, तुम्हाला वाटतंय घरीच रविवारी रविवारी केलं तर 3 लाखात होईल, तर एफडी मोडू का पर्सनल लोन काढू, की 1 लाख 20 हजाराला मागणारा आलाय त्याला देऊन टाकू.

लोन नको. 4 लाख, 13 टक्के, 4 वर्षं, असं धरलं तरी हप्ता पावणेअकरा हजारांच्या जवळ जातो आणि व्याजाचेच 1 लाख 15 हजारांच्या आसपास होतात. तुमच्याकडे उरतात दहा हजार, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून खिसा फाटका.

एफडीचं काय, तर ती 6 लाखांची आहे असं तुम्ही धरूच नका. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याचे 77 हजार, नोकरीत काही गडबड झाली तर सहा महिने घर चालायला 4 लाख 62 हजार लागतात, आयटीत सध्या काय वातावरण आहे ते तुम्ही रोज बघताय, त्यामुळे या रकमेला जीपच काय कशासाठीच हात लावू नका. उरले 1 लाख 38 हजार. हे तुमचं जीपचं भांडवल, आणि वर उरणाऱ्यातले महिन्याला 6-7 हजार, सगळे दहा नाहीत. एफडी एकच मोठी असेल तर पुढच्या रिन्युअलला तिचे तुकडे करून घ्या, म्हणजे मोडायची वेळ आली तरी दंड लहान तुकड्यावरच बसेल.

आता विकायचं का. विकायची असेल तर आहे तशी आजच विका, "दुरुस्त करून चांगल्या भावाला काढू" हा विचार डोक्यातून काढा, कारण घातलेल्या 3 लाखांतले निम्मे तरी भावात उतरतील याची काही खात्री नसते. हा खर्च आहे, गुंतवणूक नाही, आणि बाबांच्या गाडीवर परवडेल तेवढा खर्च करण्यात मला काहीही चूक वाटत नाही.

पण पैसे घालण्यालायक गाडी आहे का ते चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सांगते. माझं स्वतःचं सांगतो, मी जुनी जिप्सी घेतली तेव्हा पहिले 38 हजार रंगावर घातले, दिसायला मस्त झाली, सहा महिन्यांनी मागचा पाटा (स्प्रिंग) काढला तर शॅकलच्या, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीच्या, वरची चासी आतून कुजलेली, वेल्डिंग करताना नवीन रंग जळून फोड आले आणि ते सगळं काम परत करावं लागलं. पैशापेक्षा जीव जास्त हळहळला. म्हणून येत्या रविवारी एवढंच करा: जाड स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन खाली वाका, पाट्यांच्या शॅकलजवळ, बॉडीच्या रबर माउंटखाली, मागच्या क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) टकटक करत जा. टणक आवाज आला तर लोखंड जिवंत, भद्द आवाज येऊन पापुद्रे पडले किंवा ड्रायव्हर आत घुसला तर तिथे खडूने खूण. सात पावसाळे मातीवर उभी राहिलेली गाडी आहे, दोनचार खुणा होणारच, त्या चालतील, पण दोन्ही बाजूंना हातभर लांबीच्या खुणा झाल्या तर 1 लाख 20 हजार घ्या आणि बाबांचा एक फोटो त्या गाडीसोबतचा आहे तो मोठा करून लावा. मनापासून सांगतोय.

आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, दोन घोड्या (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय अजिबात नाही.

दुसरी गोष्ट कागद, त्याचा खर्च तुमच्या 3 लाखांत धरलेलाच नाहीये. 1993 ची गाडी म्हणजे 15 वर्षं आणि मग पाच-पाच वर्षं असं करत आरसी (नोंदणी) 2018 ला संपली. आधी वारस म्हणून फॉर्म 31 भरून नाव बदलायचं, मग फॉर्म 25 ने नूतनीकरण आणि पासिंग. 20 वर्षांवरच्या चारचाकीला ऑगस्ट 2025 पासून नूतनीकरणाचे 10 हजार, त्यात एप्रिल 2022 पासून उशिराचे महिन्याला 500 हा नियम, म्हणजे नुसते उशिराचेच वीस-पंचवीस हजार, वर पर्यावरण कर वेगळा. नेमका आकडा पुण्याच्या आरटीओत (एमएच 12) जाऊन आधी काढा. इंजिन 2112 सीसीचं म्हणजे थर्ड पार्टी विम्याचे 7,897 आणि त्यावर जीएसटी, दरवर्षी. 50 वर्षांपुढच्या गाड्यांची विंटेज नोंदणी असते तिचा तुम्हाला अजून उपयोग नाही. आणि कुणी म्हणेल हे मूळचं प्यूजो इंजिन काढून दुसरं टाकू, तर नको, आरसीवर नोंद नसलेलं इंजिन सापडलं की पासिंगही अडेल आणि उद्या अपघात झाला तर क्लेमही.

घरी काय करता येईल? बरंच. महिंद्रा 1947 पासून जीप जुळवतेय, त्यामुळे व्हील सिलेंडर, क्रॉस, किंगपिन बेअरिंग, हब सील हे सगळं नाना पेठेत अजून मिळतं, जुना नग सोबत न्या, नुसतं नाव सांगून आणलेला पार्ट परत करायला दुसरा रविवार जातो. ब्रेक पूर्ण नवे करा, पाइपसकट, इथे काटकसर नको. वायरिंग, ग्रीसिंग, रेडिएटर फ्लश, टाकीतलं जुनं डिझेल उपसणं हे तुम्ही कराल. सेल्फ मारायच्या आधी इंजिन हाताने फिरवून बघा, अडकलं तर जोर नको. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन, चासीचं वेल्डिंग आणि लेथचं काम मात्र बाहेरच्याला द्या. हत्यारांना 25 हजार धरा, ब्रेक आणि स्टीअरिंगला 35, पंप-इंजेक्टरला 25, कागदांना 40, बॅटरी-वायरिंगला 15. हे माझे अंदाज आहेत, पण झाले ना 1 लाख 40, जवळजवळ तुमच्या भांडवलाएवढेच. चासीचं वेल्डिंग, टायर आणि रंग महिन्याच्या सहा-सात हजारांतून जमेल तसं.

तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय की घर रिडेव्हलपमेंटला चाललंय, वर्षभरात अंगण रिकामं करायचंय. खरी अडचण मला हीच वाटते. सगळी गाडी एकदम उघडून बसलात आणि बिल्डरची तारीख आली तर खोक्यांत भरलेले पार्ट आणि चाकं काढलेली बॉडी धायरीच्या सोसायटीत कोण ठेवू देणार? म्हणून एक काम उघडा, बंद करा, मग दुसरं, आणि दर महिनाअखेरीला गाडी स्वतःच्या चाकांवर ढकलता आलीच पाहिजे.

आणि आईंना त्यात बसवून नारायणपूरला न्यायचंय असं तुम्ही लिहिलंय. त्या 70 च्या आहेत. त्यासाठी रंग लागत नाही, ब्रेक लागतात, कागद लागतात आणि चढायला पायरी लागते, एमएम 540 ची उंची त्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. चासीला वेल्डर बोलवाल त्याच दिवशी डाव्या बाजूला एक रुंद पायरी लावून घ्या.