सायटेशन जास्त म्हणजे पेपर भारी?

प्रश्न : आईचा उजवा गुडघा फक्त आतल्या बाजूने दुखतो, अगदी बोट ठेवून दाखवते कुठे ते. डॉक्टर म्हणाले अख्खा सांधा बदलायला नको, पार्शल करू, म्हणजे झिजलेला भागच बदलू. भाचा फिजिओथेरपी शिकतोय, त्याने सगळ्यात जास्त सायटेशनवाल्या, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखात सगळ्यात जास्त उल्लेख केलेल्या रिसर्च पेपरांची यादीच काढून आणली. एकात 98 टक्के यश, दुसऱ्यात वजन 82 किलोच्या वर असेल तर करूच नका! आई 86 किलोची. घरात दोन पार्ट्या पडल्यात. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : अहो, आपण नाशिकमध्ये पत्ता सांगताना अशोकस्तंभाचं नाव घेतोच ना, म्हणून सगळ्यांना तिथेच जायचं असतं थोडंच? सायटेशनचं तसंच आहे, पेपरचं नाव किती जणांनी घेतलं एवढंच त्यातून कळतं, पटलं म्हणून घेतलं की खोडायला घेतलं ते नाही.

ते 82 किलो बघा. कोझिन आणि स्कॉट या डॉक्टरांचा 1989 चा लेख, तेव्हा पार्शलचं नाव खराब झालेलं म्हणून त्यांनी पेशंट निवडायचे कडक नियम घातले, आणि तेव्हापासून जो तो तो लेख सांगतो, पण कितीतरी जण ‘हे नियम आता इतके लागू नाहीत’ म्हणायलाच! 2011 मध्ये ऑक्सफर्डच्या टीमने त्यांच्या इम्प्लांटसाठी (म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम भागासाठी) हेच दाखवलं, जास्त वजनवाल्यांचे गुडघेही चांगले टिकले. म्हणजे 86 वर अडून बसू नका.

आता 98 टक्के. हा 1998 चा पेपर, त्याच ऑक्सफर्ड इम्प्लांटचा, 143 गुडघे, आणि आकडा आहे 10 वर्षांनी इम्प्लांट टिकण्याचा, दुखणं थांबण्याचा नाही, हा घोळ घरोघरी होतो. शिवाय लिहिणाऱ्यांमधले गुडफेलो आणि ओ’कॉनर यांनीच ते इम्प्लांट बनवलेलं. खोटं आहे असं नाही म्हणत मी, स्वीडनच्या पेशंटवर 2001 मध्ये 95 टक्के आलेच की, पण आपल्याच पोराचं प्रगतिपुस्तक आपणच भरलं तर जरा दोनदा वाचावं.

भाच्याला सांगा, यादीत जुने पेपर वर असणारच, त्यांना नाव घेतलं जायला वर्षं मिळालीत. तुमच्या कामाचा आहे 2019 चा टॉपकॅट नावाचा अभ्यास, ब्रिटनमधले 528 पेशंट, चिठ्ठी टाकल्यासारखं अर्ध्यांना पार्शल अर्ध्यांना पूर्ण, 5 वर्षांनी दोन्हीकडे गुडघा जवळपास सारखाच चालत होता. 2014 च्या एक लाखावर पेशंटच्या अभ्यासात मात्र पार्शलवाल्यांना पुन्हा ऑपरेशन जास्त लागलं, उलट मोठी कॉम्प्लिकेशन्स कमी.

डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा. आईचं एसीएल लिगामेंट (गुडघ्याच्या आतली हाडं बांधून ठेवणारी पट्टी) शाबूत आहे ना, आणि तुम्ही 100 गुडघे बदलता त्यात पार्शल किती? 20 च्या आसपास किंवा वर म्हणाले तर बरं, कारण क्वचितच करणाऱ्यांच्या हातून पार्शल जास्त बिघडतात असं ब्रिटनच्या नोंदींत दिसलंय. ‘कधीतरी एखादं’ म्हणाले तर दुसरं ओपिनियन घ्या.